पाचव्या दिवसाचं धुणं

त्या ओळीत लाल दोरा पांढऱ्याच्या खाली जायला हवा होता. तो वर आला होता.

चूक एवढीच, एका दोऱ्याची. उभं राहून पाहणाऱ्याला ती दिसली नसती. तोमासाने मागावरचं कापड मांडीवर ओढून घेतलं होतं आणि बोटांच्या पेरांनी चाचपत ती त्या जागेपर्यंत आली होती. हल्ली डोळ्यांपेक्षा पेरांवर तिचा भरवसा अधिक होता. त्या दोऱ्याच्या अलीकडे नक्षीतलं प्रत्येक तळं चारी बाजूंनी बंद होतं: पांढऱ्यावर लाल काठ आणि मधोमध एक ठिपका. पलीकडच्या पहिल्या तळ्याचा खालचा काठ मात्र फुटला होता. त्याच्या पुढच्याचाही. तिथून वीतभर कापड तसंच विणलेलं होतं आणि त्यानंतर नुसते उभे धागे, अंगणातल्या खांबापर्यंत सैल पडलेले. मागाचा कमरेला बांधायचा चामडी पट्टा जमिनीवर होता. सबिनाच्या कमरेचा बाक त्याला अजून तसाच होता.

सबिनाला जाऊन आज पाचवा दिवस. आज तिचे कपडे नदीवर धुवायचे होते.

"आत्या, अजून तेच घेऊन बसलीस?" रोसाउरा स्वयंपाकघरातून वाकून बाहेर आली. कुस्कोहून येताना घातलेला निळा कोट तिने अजून काढला नव्हता. वेण्या त्याच्या आत खोचल्या होत्या. "उसवायला किती वेळ लागेल तेवढं सांग."

"उसवायला वेळ लागत नाही."

"मग पुन्हा विणायला?"

तोमासाने ती जागा पुन्हा चाचपली. हाच प्रश्न रोसाउरा आली त्या दिवसापासून विचारत होती.

शाल दोन पट्ट्यांची होते. दोन्ही पट्टे वेगवेगळे विणायचे आणि मग मधोमध जोडायचे. सबिनाच्या या शेवटच्या शालीचा पहिला पट्टा पुरा होऊन घरात घडी घालून ठेवलेला होता. तळ्याची नक्षी, या घराची, एकही काठ न चुकलेली. दुसरा हा असा. कुस्कोतल्या विणकर केंद्राच्या बाईंना रोसाउराने शालीबद्दल सांगितलं होतं. निवडुंगावरच्या किड्यांपासून रंग काढून, घरच्या मेंढीची लोकर घरी कातून अशी नक्षी घालणाऱ्या खोऱ्यात आता दोघीच उरल्या होत्या, त्यातली एक आता गेली होती. बाई म्हणाल्या होत्या, शाल पुरी झाली तर काचेच्या कपाटात ठेवू, खाली सबिनाचं नाव लिहू.

"आईचं नाव राहील," रोसाउरा म्हणाली. "एवढंच मागतेय मी. एका वितीचं तर काम आहे."

"नाव राहील आणि चूकही राहील," इलारियो म्हणाला. तो भिंतीशी लामाच्या पाठीवर गाठोडी बांधत होता. सबिनाचा हा मुलगा. घर, शेत, जनावरं सगळं त्याच्याकडे. "मी सांगतो ते ऐक, आत्या. आज जुन्या कपड्यांबरोबर विस्तवात घालून टाक. माझ्या आईला शेवटी शेवटी स्वतःची नक्षी आठवत नव्हती, हे गावाला कशाला दाखवायचं?"

"गावाला माहीत नाही असं वाटतं तुला?" रोसाउरा म्हणाली. "ती शेजारच्या म्हातारीला आपली आई समजून तिच्या मागे मागे फिरायची. सगळ्यांनी बघितलंय."

"तू नव्हतीस बघायला."

 रोसाउराने कोटाची वरची गुंडी लावली आणि परत काढली.

पाचव्या दिवशी ठरवावंच लागतं, हे तिघांनाही माहीत होतं. अर्धं राहिलेलं कापड गेलेल्या माणसाचे पाय धरून ठेवतं. म्हणून त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या बाईने तो पट्टा कमरेला बांधून पुढची ओळ घालायची, नाहीतर मागासकट सगळं विस्तवात द्यायचं. मधला मार्ग नाही. आणि या घरात पट्टा बांधू शकेल अशी तोमासाच उरली होती. रोसाउरा लहानपणीच शहरात शिकायला गेली, तिला सूत कातायची चाती धरता यायची नाही. तोमासा घरातली थोरली, सबिनाची नणंद. तरुणपणीच विधवा होऊन ती या घरी परत आली होती. शब्द तिचाच चालणार होता. म्हणून दोन्ही भाचरं पाच दिवस तिच्या अवतीभवती होती.

नेलिदा एका बाजूला उकिडवी बसून शेवटचं गाठोडं बांधत होती. इलारियोची बायको, खिंडीपलीकडची. लग्न होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली आणि या घरात ती अजून मागावर बसली नव्हती. माहेरी ती विणायची. पण सासरी आलेल्या मुलीने आधी घराची नक्षी शिकायची, मगच मागाला हात लावायचा, असा इथला नेम. आणि ती शिकवणी सुरू होते ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, लावताना. अंगणात खुंट्या ठोकतात, दोन बायका समोरासमोर बसतात आणि दोऱ्याचा गुंडा खुंटीला वळसा घालून एकमेकींकडे टाकत राहतात. एकटीला ताणा लावता येत नाही. समोर कुणीतरी लागतंच. तोमासा आणि सबिना सगळं आयुष्य एकमेकींसमोर बसल्या. नेलिदाला सबिनाने कधी बसवलं नाही.

दर वर्षी बटाटे काढून झाले की नेलिदा विचारायची. सबिना म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू." मग नेलिदा तोमासाकडे यायची, आणि तोमासा म्हणायची, "वहिनीला विचार."

"चला," इलारियो म्हणाला. "ऊन आहे तोवर कपडे वाळले पाहिजेत." त्याने खांबावरून मागाची दोरी सोडली, कापड आणि धागे काठ्यांभोवती गुंडाळले आणि ती गुंडाळी खांद्यावर टाकली. "हे पण घेतो. तिथं काय ते सांग, आत्या."

*

नदी हिमनदीतून येते. तिच्यात हात घातला की आधी दुखतो, मग बधिर होतो. बायकांना सवय असते. पण पाचव्या दिवसाचं धुणं जावयाने धुवायचं असतं, आणि रोसाउराचा नवरा एद्गार शहरात टॅक्सी चालवायचा.

तो पँट गुडघ्यापर्यंत वर करून दगडावर उभा होता आणि पाण्याकडे बघत होता.

"जावईबापू, पाणी गरम करून आणू का?" इलारियो काठावरून म्हणाला.

"आण की. येताना थोडी मक्याची चिचाही आण."

"चिचा पिऊन झाली तुमची, घरून निघताना," नेलिदा म्हणाली. ती पाण्यात उतरली होती आणि एकेक कपडा त्याच्या हातात देत होती. "सासूबाई होत्या तोवर तुम्ही इथं कधी एक वाटीसुद्धा विसळली नाहीत."

"म्हणून तर आता वरून बघतायत." एद्गारने परकर पाण्यात बुडवला आणि दात आवळले. "बघा, सासूबाई, बघा. आता तरी म्हणा, पोरगा बरा आहे."

"म्हणायची नाही ती," इलारियो म्हणाला. "काठावर अजून माती आहे म्हणेल."

सगळे हसले. पाचव्या दिवशी हसायला मनाई नाही. रडून पाणी गढूळ करू नये असं म्हणतात. त्याने गेलेल्याला वाट दिसत नाही. तोमासाही हसली आणि मग तिला खोकला आला. तिच्या गुडघ्यांना पाणी सोसत नव्हतं, म्हणून ती काठावर गवतात बसली होती. हातात चाती होती. बसलं की हात कातायचे. तिला सांगावं लागत नसे.

खोकला हिवाळ्यापासूनचा होता. रात्री दव गोठायच्या दिवसांत तिची छाती भरली आणि ती घरात घोंगड्यांखाली पडून राहिली. ती उठून बसू लागली तेव्हा सबिना अंथरुणाला खिळली होती. मधल्या दिवसांत सबिना एकटीच अंगणात मागावर बसत होती. ती एक वीत त्याच दिवसांतली होती.

कारण त्याआधी एकही चूक मागावर राहिलेली नव्हती. तोमासाने राहू दिली नव्हती.

हे कुणाला माहीत नव्हतं. सबिनाचं विसरणं सुरू झालं तेव्हापासून, जवळजवळ दोन वर्षं, हे चाललं होतं. दुपारचं जेवण झालं की सबिना आत जाऊन पडायची. तोमासा तिचा पट्टा आपल्या कमरेला बांधायची, लामाच्या हाडाच्या टोकदार पट्टीने सकाळच्या ओळी उसवायची आणि तिथं बरोबर ओळी घालायची. ताणा तोच असतो. कुठल्या ओळीला लाल वर उचलायचा आणि कुठल्या ओळीला पांढरा, एवढाच फरक. दिवसाच्या तीन-चार ओळी, त्याहून जास्त नाहीत. सबिना उठून बाहेर यायची, कापडावरून हात फिरवायची आणि पुढे विणायला लागायची. तिला कळू नये, तिला लाज वाटू नये, एवढंच तोमासाच्या मनात होतं. एकदा फक्त सबिनाचा हात मध्येच थांबला होता. ती म्हणाली होती, "इथं पाणी कुणी अडवलं?"

तोमासाला वाटलं होतं, भ्रम आहे.

"आत्या." रोसाउरा तिच्याशेजारी येऊन बसली. तिने कोट गवतावर अंथरला होता, स्वतःसाठी नाही, तोमासाच्या पायाखाली. "मला कळतं गं, तुझे हात आता पूर्वीसारखे नाहीत. उसवून परत विणणं तुला जड जातंय. मग एक कर. चांगलं आहे तेवढं ठेवू. खालचं कापून टाकू. काठ मी कुस्कोत शिवून घेईन, कुणाला कळणार नाही."

चाती थांबली.

"काय म्हणालीस?" पलीकडून इलारियो म्हणाला. तो ओले कपडे झुडपावर पसरत होता. "कापून?"

"आत्याला त्रास नको म्हणून म्हणतेय."

"कातरी लावणार आईच्या कापडाला?" तो दोघींजवळ आला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण हातातल्या परकराचं पाणी त्याच्या चपलेवर पडत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. "आपल्यात कापड चारी काठांनिशी जन्माला येतं. शहरात राहून एवढंही विसरलीस? माणसाचा पाय कापावा तसं. त्यापेक्षा उसवा. उसवा आणि नीट करा, मी नाही म्हणणार नाही."

"बरं," रोसाउरा म्हणाली. "मग उसवायचं. झालं तर."

इलारियोला ते कळायला थोडा वेळ लागला. एद्गारने पाण्यातूनच शीळ घातली. "मेहुणे, तुम्हाला धुऊन वाळत घातलं."

तोमासाला रोसाउरा लहान असतानाची आठवली. बोटभर मध हवा असला की ती आधी सगळी बरणी मागायची. या मुलीला तिने कडेवर खेळवलं होतं. तिचा राग येत नव्हता. उलट सुटल्यासारखं वाटत होतं. दोघं भावंडं पाच दिवसांत पहिल्यांदा एका बाजूला आली होती, आणि ती बाजू तोमासाच्या सवयीची होती. उसवणं तिला येत होतं. एक वीत म्हणजे फार नव्हे. दृष्टी जाण्याआधी हातून एवढं होईल. आज नुसता पट्टा बांधून एक ओळ घालायची, बाकी हळूहळू. हो म्हणायला तिने तोंड उघडलं.

"आत्याबाई," नेलिदा पाण्यातून म्हणाली, "हे कुणाचं?"

तिने शेवटचं गाठोडं सोडलं होतं. सबिनाच्या अंथरुणाखालचं ते, मेंढीच्या कातड्यांच्या तळाशी सापडलेलं. त्यात एक जुना काळा घागरा होता आणि घागऱ्याच्या घडीत दुसरं काहीतरी होतं. नेलिदाने ते पाण्यात बुडवलं नव्हतं. दोन्ही हातांवर घेऊन ती काठावर आली आणि एका सपाट, कोरड्या दगडावर तिने ते पसरलं.

शाल होती. कसरीने ठिकठिकाणी खाल्लेली, घडीच्या रेघांवर विरलेली. पण उन्हात कधी राहिली नसावी, कारण लाल अजून गडद होता, इथल्या लालपेक्षा काळपट; पाणी वेगळं असलं की रंग वेगळा उतरतो. पांढऱ्यावर लाल काठांची तळी होती. प्रत्येक तळ्याचा खालचा काठ उघडा होता, आणि त्या फटीतून लाल रेघ निघून पुढच्या तळ्यात जात होती.

सगळे दगडाभोवती जमले. एद्गारही पाण्यातून बाहेर आला.

"ही आमच्याकडची," नेलिदा म्हणाली. "सांडव्याची नक्षी. आमच्या वरच्या अंगाला तळं आहे ना, त्याचं पाणी खडकावरून सांडतं, त्याची. माझी आई घालते. फक्त ती कडेला हिरवा दोरा घेते."

इलारियोने गवतावर ठेवलेली गुंडाळी उचलली आणि कापडाचं टोक उलगडलं. शालीच्या शेजारी त्याने ते धरलं. त्याला नक्षीतलं फारसं कळत नव्हतं, पण हे कळायला फार कळावं लागत नव्हतं.

"आई खिंडीपलीकडची होती ते माहीत आहे मला," रोसाउरा म्हणाली. "पण ती कधी तिकडचं काही..."

"कधीच नाही," इलारियो म्हणाला. "मी लग्नाला मुलगी तिकडची बघितली तेव्हासुद्धा काही बोलली नाही. मला वाटलं तिला आवडलं नाही."

"माझ्याशी एकदा बोलल्या होत्या," नेलिदा म्हणाली. ती अजून पाण्याच्या कडेला उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. "मी नवीन आले होते तेव्हा. म्हणाल्या, सांडव्याचा आवाज अजून घरात ऐकू येतो का गं, रात्री? मी म्हटलं, येतो.  मग म्हणाल्या, बरं, आता बटाटे सोल."

तोमासाने हात पुढे करून शालीला स्पर्श केला. पेरांना ती लगेच ओळखू आली.

तेव्हा तोमासा चौदा-पंधरा वर्षांची होती. दादाची नवरी सबिना उंबऱ्यापाशी उभी होती, हीच शाल खांद्यावर घेऊन. तोमासाची आई, ग्रेगोरिया, पुढे झाली. तिने नवरीच्या छातीवरची टाचणी काढली, शाल उतरवली आणि घराची शाल तिच्या खांद्यावर घातली. यात वाईट काही नव्हतं, सगळीकडे असंच करतात. ग्रेगोरिया हसत म्हणाली होती, "आमच्या घरात तळं फुटत नाही." बायकाही हसल्या होत्या. मग आईने नव्या सुनेला ताण्यासाठी समोर बसवलं, ती मागावर बसू लागली आणि तिचे हात विसरायचे, ओळ माहेरच्या वळणाने जायची. आई तोमासाला म्हणायची, "ती चुकली की तू उसव." तोमासा उसवायची. सबिना हात मांडीवर ठेवून समोर बसून राहायची, उसवून होईपर्यंत. वर्षभराने तिचे हात चुकेनासे झाले. ग्रेगोरियाने सगळ्या गावाला सांगितलं, सून शिकली. त्या वर्षी दोघींनी पहिल्यांदा मिळून ताणा लावला, आणि गुंडा टाकता टाकता त्या इतक्या हसल्या की दोरा सुटला आणि खाली घरंगळत गेला.

चूक अशी सारखी नसते. हे तिला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. विसरणारा हात एकदा इथं चुकतो, एकदा तिथं. तो सगळी तळी एकाच जागी फोडत नाही. पण तिने सगळी तळी कधी पाहिलीच नव्हती. दररोज दुपारी तीन-चार ओळी, काठ फुटायला लागला की लगेच. पाणी बाहेर पडायच्या आत ती अडवत होती. सबिनाचं मन एकेक वर्ष गाळत गाळत मागे गेलं होतं, नवऱ्याचं नाव गेलं, मुलांची गेली, आणि शेवटी आईच्या अंगणात पोहोचलं होतं. तिथून दुपारी तोमासा तिला परत आणायची. दोन वर्षं. सबिनाला लाज वाटू नये म्हणून.

पहिल्या वेळेला उसवणारे हात हेच होते.

"इथं पाणी कुणी अडवलं," तोमासा म्हणाली.

"काय, आत्या?"

"काही नाही. वहिनी म्हणाली होती."

*

विस्तव दगडांच्या मधल्या जागेत पेटवलेला होता. चांगले कपडे झुडपांवर वाळत होते, ते वाटायचे. फाटके, विरलेले एकेक करून इलारियो विस्तवात घालत होता. धूर आधी सरळ वर गेला, मग खिंडीच्या बाजूला वळला. एद्गार ते बघून काहीतरी बोलणार होता, पण रोसाउराने त्याच्या दंडावर हात ठेवला.

घरचा काळा कुत्रा नदीकाठी बसून होता. सबिनाला पलीकडे न्यायला कुत्रा काळाच लागतो म्हणून नेलिदाने त्याला सकाळीच भाकरी घातली होती.

"ही शाल विस्तवात घालायची नाही," रोसाउरा म्हणाली. तिचा आवाज आता हळू होता आणि नाक लाल झालं होतं. "आत्या, मी कपाटासाठी म्हणत नाहीये. माझ्यासाठी म्हणतेय. मला दे ही. मला तिचं काहीच माहीत नव्हतं."

तोमासाने शाल छातीशी धरली होती. कसरीच्या वासाखाली दुसरा कुठला वास उरला आहे का, ते तिने पाहिलं. नव्हता.

"तुला पहिला पट्टा देते," ती म्हणाली. "आईच्या हातचा आहे. ही तिच्या अंगावर होती, बाई. आम्ही उतरवून घेतली. आता ती तिकडे थंडीत कशी जाईल?"

रोसाउराने मान खाली घातली. ती नाही म्हणाली नाही.

तोमासा उठली. इलारियो हात द्यायला आला, तिने तो घेतला, आणि विस्तवापाशी जाऊन तिने शाल फेकली नाही. वाकून, दोन्ही हातांनी, खांद्यांवर घालावी तशी निखाऱ्यांवर पसरली. लोकर पटकन पेटत नाही. आधी ती आक्रसते, काळी पडते, मग कडेने धुमसते. लाल शेवटपर्यंत दिसत राहिला. तोमासा तो संपेपर्यंत वाकूनच उभी होती. इलारियोने तिला मागे ओढलं तेव्हा तिच्या भुवया जळाल्याचा वास येत होता.

"बस, आत्या. बस आता."

ती बसली. नेलिदाने तिला बाटलीतलं पाणी दिलं. तिने ते प्यायलं आणि थोडंसं जमिनीवर ओतलं.

ऊन पलीकडच्या उतारावर सरकलं होतं. वाळलेले कपडे एद्गारने गोळा केले, त्याने घडीही घातली, वाकडी, आणि त्याला कुणी काही बोललं नाही. विस्तवात आता ज्वाळा नव्हती. मागाची गुंडाळी इलारियोच्या पायाशी होती.

"आत्या," तो म्हणाला. त्याने घसा साफ केला. "मी काय करू ते सांग. तू म्हणशील ते. उसवायचं असेल तर मी घरी नेतो. नाहीतर विस्तव विझायच्या आत द्यायला हवं. असं मध्येच सोडून चालणार नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"खांब कुठे आहे इथं?" तोमासाने विचारलं.

इलारियोने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. काठावर एक वाकडं, साल सुटलेलं झाड होतं, या उंचीवर तेवढं एकच. त्याने गुंडाळी उलगडली आणि मागाची दोरी त्या खोडाला बांधली. धागे ताणले गेले. पांढरे आणि लाल, गवताच्या वर हातभर. दुसऱ्या टोकाचा चामडी पट्टा तोमासाने उचलून घेतला.

रोसाउरा पुढे झाली. "तू बांधणार? पण ती नक्षी तुला कुठे येते?"

"नाही येत," तोमासा म्हणाली. तिने पट्ट्यातला बाक अंगठ्याने चाचपला. सबिनाने नेलिदाला नऊ वर्षं समोर का बसवलं नाही, याची तिने आजवर एकच समजूत करून घेतली होती: की सबिनाला सून पसंत नव्हती. आता दुसरी एक मनात येत होती. समोर बसवलं असतं तर नेलिदाचे हात चुकले असते, आणि उसवावं लागलं असतं. सबिनाला. हे खरं की नाही, ते विचारायला आता कुणी नव्हतं. "पुढच्या वर्षी बघू," सबिना म्हणायची, आणि तोमासा म्हणायची, "वहिनीला विचार." दोघी म्हाताऱ्या मिळून एवढंच म्हणत आल्या होत्या, आणि नेलिदाची मुलगी सात वर्षांची झाली तरी तिच्या हातात अजून चाती नव्हती.

"नेलिदा," तिने हाक मारली. "हात पूस."

नेलिदाने हात घागऱ्याला पुसले. ती जवळ आली, पण पट्ट्यापासून दोन पावलं अलीकडेच थांबली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग तोमासाकडे.

"आत्याबाई, मला अजून कुणी बसवलेलं नाही."

तोमासाने पट्टा पुढे धरला.  

"मी बसवतेय," ती म्हणाली. "उसवायचं नाही. बांध कमरेला, आणि काठ उघडाच ठेव."